नाव काय, वय काय?

मामाच्या शेतात उलटी पडलेली एक लाकडी नाव, तिला 'निजामकालीन' म्हणून उचलायला आलेला एक डीलर आणि दोघांच्या मधे अडकलेली मी. जुन्या नावेचं वय ओळखायचं तरी कसं?

'मॅडम, तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या. 'निजामकालीन नाव, अंदाजे १९४०.' बाकी माझं मी बघतो.'

समोरचा माणूस अगदी नम्रपणे बोलत होता. जुन्या वस्तूंचा डीलर. पुण्यातल्या एका नव्या कॅफेसाठी त्याला जुनी लाकडी नाव हवी होती. छताला उलटी टांगायची, आतून पिवळे बल्ब सोडायचे आणि खाली टेबलं मांडायची. म्हणजे शनिवारी संध्याकाळी तुम्ही-आम्ही ऑफिसचा शीण घालवायला जाणार, मान वर करून 'वॉव' म्हणणार, एक फोटो काढणार आणि अडीचशे रुपयांची कॉफी पिऊन घरी येणार.

नाव माझ्या मामाची. मुक्काम हिमायतनगर, जिल्हा नांदेड. आता तुम्ही म्हणाल, मराठवाड्यात आणि नाव? जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथं? पण हिमायतनगरच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. एका काठाला मराठवाडा, दुसऱ्या काठाला विदर्भ. पूल होण्याआधी पावसाळ्यात पलीकडे जायचं तर नावेशिवाय गत नव्हती. माझ्या आजोबांनी काही वर्षं त्या नावेचा ठेका घेतला होता. पूल झाल्यावर नाव बैलगाडीवर घालून शेतात आली आणि चार लाकडी मेढींवर उलटी ठेवून तिचं छप्पर झालं. गेली कित्येक वर्षं तिच्याखाली मामाचा कडबा कोरडा राहतोय.

महाशिवरात्रीला मी आजोळी जातेच. हिमायतनगरचं जुनं नाव वाढोणा आणि तिथल्या परमेश्वराच्या जत्रेसाठी मी कुठलीही डेडलाइन बुडवू शकते. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, नांदेडला चहा, मग भोकरमार्गे एसटी. या वेळी उतरले तर मामाच्या ओट्यावर हे डीलरसाहेब हजर.

त्यांचा हिशेब सोपा होता. पेपरात-मासिकात लिहिणाऱ्या भाचीने सहीनिशी 'निजामकालीन' असं लिहून दिलं, तर चाळीस हजार. नाहीतर जळाऊ लाकडाच्या वर थोडंफार. आणि मामाला पैशांची गरज होती. मामेबहिणीला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. फीचा दुसरा हप्ता तोंडावर आला होता.

खरं सांगते, पहिल्या पाच मिनिटांत मी पेन काढलंच होतं. फ्रीलान्सर आहे हो मी. अडीच हजार रुपयांत मी एका डबक्याशेजारच्या रिसॉर्टला 'तळ्याकाठचा स्वर्ग' म्हटलेलं आहे. दोन ओळींचं काय एवढं? शिवाय घरात सगळे सांगायचेच की ही नाव रझाकारांच्या काळातली. रात्री-अपरात्री हिच्यातूनच माणसं पलीकडे गेली.

पेन थांबलं ते त्या गोष्टीपाशीच. इतकी वर्षं ऐकलेली गोष्ट. ती खरी आहे का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

नदीचे दोन काठ

शाळेत आपण हे शिकतो आणि विसरतो. १९४८ पर्यंत पैनगंगेचा अलीकडचा काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पलीकडे होता वऱ्हाड. १५ ऑगस्ट १९४७ ला पलीकडचा काठ स्वतंत्र झाला. अलीकडच्या काठाला त्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. मधले तेरा महिने एकाच नदीच्या एका काठावर स्वातंत्र्य होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं. पलीकडच्या उमरखेडला हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांचा कॅम्प होता.

त्या तेरा महिन्यांत ही नाव पाण्यात असेल, तर तिची किंमत चाळीस हजारांत मोजणंच चूक. नसेल, तर मी सही करून एक खोटी आठवण विकणार होते. मी डीलरला म्हटलं, 'दोन दिवस द्या.' ते हसले. 'घ्या की. नाव कुठं पळून चाललीये?'

रंगाला भुलू नका

मला नावेतलं ओ की ठो कळत नव्हतं. मग आठवला वेंगुर्ल्याचा कॉलेजमधला मित्र. त्याच्या घरी दोन पिढ्या होड्यांची दुरुस्ती चालते. व्हिडिओ कॉल लावला. रेंज दर दोन मिनिटांनी जात होती, पण गुरू भेटला.

'बनवणाऱ्याची पाटी, नंबर, काही दिसतंय?' त्याने पहिला प्रश्न टाकला. नव्हतं. 'मग बरं झालं,' तो म्हणाला. 'पाटी असली की माणूस पुढे बघतच नाही.'

कारखान्यातल्या बोटींचं बरं असतं. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या प्रत्येक बोटीवर बारा अक्षर-अंकांचा नंबर असतो. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची आणि हल्लीच्या नंबरात शेवटचे दोन अंक मॉडेलच्या वर्षाचे. नंबर वाचला की काम झालं. आपल्या गावठी नावेला असला जन्मदाखला कुठला? तिचं अंगच वाचावं लागतं.

मामाने कडबा बाजूला केला आणि मी टॉर्च घेऊन नावेखाली शिरले. लांबी अठरा फूट, रुंदी पावणेपाच फूट, तळ सपाट. आत नऊ आडव्या बरगड्या. कोपऱ्यात थोडं खरवडलं तर तेलकट, ओळखीचा वास आला. 'सागवान हाय,' मामा बाहेरून ओरडले. 'किनवटच्या जंगलातलं आसंल.'

रंगाचे तीन थर होते आणि मला वाटलं, हाच पुरावा. मित्राने लगेच थांबवलं. 'रंग म्हणजे शर्ट. शर्टावरून माणसाचं वय सांगशील?'

मग दिसली ठिगळं. तळाला दोन ठिकाणी डबे कापून, ठोकून सपाट केलेले पत्रे मारले होते. एकावर पिवळ्या रंगाचा आणि माडाच्या झाडाचा पुसट भाग. डालडा! डालडा बाजारात आला १९३७ मध्ये. मी जवळजवळ नाचलेच. पण मित्र म्हणाला, 'डालडाचे डबे पुढे कित्येक वर्षं घराघरांत होते. यावरून एवढंच कळतं की हे ठिगळ १९३७ च्या आधीचं नाही.'

दुसरा पत्रा तेलाच्या डब्याचा होता. गंजातून इंग्रजी अक्षरं लागत होती. 'बॉम्बे ४००' आणि पुढे काहीतरी. इथं मात्र माझंच डोकं चाललं. ४०० म्हणजे पिन कोड. आपल्याकडे पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. आणि १९९५ मध्ये बॉम्बेचं अधिकृत नाव मुंबई झालं. म्हणजे डबा या दोन सालांच्या मधला! एका गंजक्या पत्र्याने मला तारखांची एक खिडकी उघडून दिली होती.

'शाब्बास,' मित्र म्हणाला. 'पण ही खिडकी ठिगळाची. नाव त्याहून जुनी असणार. किती जुनी, ते खिळ्यांना विचार.'

खिळे आणि करवत

तुम्ही कधी खिळ्याकडे नीट बघितलंय? मीही नव्हतं. बाजारात मिळणारा खिळा मशीनवर तारेपासून बनतो. गोल, गुळगुळीत, डोकं अगदी बटणासारखं. लोहाराने ऐरणीवर ठोकलेला खिळा चौकोनी असतो, खाली निमुळता होत जातो आणि प्रत्येकाचं डोकं वेगळं.

आमच्या नावेत दोन्ही होते. तळाच्या सगळ्या फळ्यांना गोल खिळे. बाजूच्या दोन फळ्या आणि सहा बरगड्या मात्र चौकोनी खिळ्यांच्या. उरलेल्या तीन बरगड्या पुन्हा गोल खिळ्यांच्या.

मग लाकडावरच्या खुणा. सॉ मिलच्या गोल पात्याने कापलेल्या लाकडावर कमानीसारख्या रेघा उठतात, सगळ्या एका मापाच्या. दोघांनी दोन बाजूंनी ओढलेल्या मोठ्या करवतीच्या रेघा सरळ, तिरप्या, कमी-जास्त अंतराच्या असतात. मधे कुठंतरी दम खाल्लेला कळतो. आणि वाकसाने तासलेलं लाकूड असेल तर त्यावर उथळ खळगे, हाताला लागतील असे. तळाच्या फळ्यांवर कमानी होत्या. त्या सहा जुन्या बरगड्यांवर मात्र खळगे. मी डोळे मिटून हात फिरवला. एकेक घाव मोजता येत होता.

म्हणजे ही एक नाव नव्हतीच. जुन्या सांगाड्यावर नवा तळ, नव्या तळावर आणखी नवी ठिगळं.

'म्हणजे सांगाडा निजामकालीन?' मी आशेने विचारलं. मित्राने पुन्हा पाणी ओतलं. 'गावात लोहाराचा भाता पेटत होता तोवर चौकोनी खिळे होत होते. चौकोनी खिळा म्हणजे जुनी पद्धत. जुनं साल असेलच असं नाही.'

मोठ्या नावांची तीच गोष्ट

त्या रात्री जत्रेतून आल्यावर मी फोनवर वाचत बसले. आणि बरं वाटलं, कारण मोठमोठे तज्ज्ञही याच वाटेने जातात.

१९६२ मध्ये लंडनला थेम्स नदीत, ब्लॅकफ्रायर्सजवळ, एक रोमन काळातलं जहाज सापडलं. डोलकाठीच्या खाचेत शुभ म्हणून ठेवलेलं एक नाणं होतं, इ. स. ८८-८९ मधलं. झालं की काम! पण लाकडातली झाडाच्या वाढीची वलयं मोजली तेव्हा जहाज दुसऱ्या शतकाच्या मध्याचं निघालं. नाणं आधीच अर्धं शतक हातोहात फिरून आलं होतं. माझ्या डालडाच्या डब्यासारखंच.

केरळात चेर्तलाजवळ कडक्करप्पळ्ळीला २००२-०३ मध्ये जमिनीतून सुमारे १८ मीटर लांबीची एक लाकडी नाव काढली गेली. ना पाटी, ना शिलालेख. लाकडाच्या कार्बन चाचणीतून उत्तर मिळालं ते असं : अकरावं ते पंधरावं शतक. एवढा मोठा पट्टा! आणि तज्ज्ञांना त्याची लाज वाटली नाही. 'अंदाजे १९४०' लिहिण्यापेक्षा ते किती प्रामाणिक आहे, बघा.

आणि आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या ना. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एका जहाजाचं चित्र आहे. त्यावर साल लिहिलेलं नाही. ते पाचव्या शतकातलं मानतात ते लेण्यावरून, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळावरून. खोलीवरून खोलीतल्या फोटोचं वय काढावं तसं. त्या जहाजाची बनावट कळायला तर कुठलाच नकाशा नव्हता. शेवटी त्या चित्रावरून खरंखुरं जहाज बांधायचं ठरलं. केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या माणसांनी गोव्यात फळ्यांना फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, खिळ्यांनी ठोकल्या नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरलं, २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झालं. नाव ठेवलं 'कौंडिण्य'. २९ डिसेंबर २०२५ ला ते पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारी २०२६ ला मस्कतला पोहोचलं. चित्रातल्या जहाजाची बनावट समजून घ्यायला ज्याच्या हातात ती विद्या अजून जिवंत आहे, असा माणूस शोधावा लागला.

हे वाचलं आणि मी उठून बसले. दोन दिवस मी खिळ्यांना विचारत होते. ज्याच्या हातात ही नाव होती, त्याला मी विचारलंच नव्हतं.

भोई आजोबा

मामाच्या मोटारसायकलवर बसून आम्ही नदीकाठच्या गावात गेलो. आजोबांच्या वेळी नाव चालवणारे भोई बाबा अजून आहेत. वय ऐंशीच्या पुढे. डोळ्यांना कमी दिसतं, आवाज खणखणीत.

मी मोबाइलवर बरगड्यांचे फोटो दाखवायला गेले. त्यांनी फोन बाजूला सारला. 'किती बरगड्या हायेत त्ये सांग.'

'नऊ. सहा जुन्या, तीन नव्या.'

'त्या तीन म्या घातल्या,' ते म्हणाले. 'आन् तळ बी म्याच बदलला, दोनदा. भोकरच्या मशीनवरून फळ्या आनल्या व्हत्या. त्या सहा माझ्या बापाच्या. बाप आन् गावचा सुतार, दोघांनी तासल्या. म्या पोरगा व्हतो, वाकस द्यायचं काम माझ्याकडं.'

'तुमचं वय किती होतं तेव्हा, बाबा?'

'धा-बारा आसंल.'

मनातल्या मनात गणित केलं. बाबा ऐंशी-पंच्याऐंशीचे धरले, तर सहा जुन्या बरगड्या १९५० च्या दशकातल्या. तेरा महिन्यांच्या नंतरच्या. माझा चेहरा पडला असणार, कारण मामाने खाकरून विचारलं, 'पण रझाकारात मानसं नेली म्हनत्यात ना हिच्यातून?'

बाबा हसले. 'ह्याच्या आधीची नाव व्हती. तिच्याच फळ्या हिच्या बाजूला लावल्या बापानं. चांगलं सागवान कोन फेकून देतंय? दोन फळ्या आसतील बग, लई जुन्या.'

होत्या! चौकोनी खिळ्यांच्या, बाजूच्या दोन फळ्या. मी अक्षरशः ओरडले, 'म्हणजे त्या फळ्यांवरून माणसं गेली! कोण होती, बाबा? नावं माहीत आहेत?'

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'बाप सांगायचा, रातच्याला पार नेनाऱ्यानं नाव इचारायचं नसतं.'

परत येताना मोटारसायकलवर मामा काहीच बोलले नाहीत. मीही नाही. लहानपणापासून आम्ही म्हणत आलो, 'आजोबांची नाव'. ठेका आजोबांचा होता, खरं आहे. पण दोन पिढ्या ती तासली, ठोकली, वल्हवली ती दुसऱ्याच घराने. आणि आमच्या घरच्या गोष्टीत त्या घराचा एकदाही उल्लेख नव्हता.

दोन ओळी

संध्याकाळी डीलरसाहेब आले. मी कागद तयार ठेवला होता. त्यावर लिहिलं होतं :

'पैनगंगेवरची पार नेणारी नाव. सागवान. बनावट : नदीकाठचे भोई बाप-लेक आणि गावचा सुतार. बाजूच्या दोन फळ्या आधीच्या जुन्या नावेच्या. सहा बरगड्या १९५० च्या दशकातल्या. तळ नंतर दोनदा बदललेला. एक ठिगळ १९७२ नंतरचं.'

त्यांनी दोनदा वाचलं. 'मॅडम, एवढं टॅगवर बसत नाही.'

'मागच्या बाजूला लिहा.'

'गिऱ्हाईक मागची बाजू बघत नाही.' मग मामाकडे वळून, 'पंधरा हजार देतो.'

पंचवीस हजार रुपये. माझ्या एका कागदामुळे मामाचे पंचवीस हजार गेले होते आणि मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. शहरातून दोन दिवसांसाठी येऊन खरं बोलणं सोपं असतं. फी भरायची असते मागे राहिलेल्यांना.

मामाने कागद हातात घेतला, लांब धरून वाचला. 'पंधरा हजारांत तर कडब्यावर पत्र्याचं शेड बी होत नाही,' ते म्हणाले. 'ऱ्हाऊ द्या. हाय तिथं बरी हाय ती.'

फीचा हप्ता मामीने बचत गटातून कर्ज काढून भरला. त्यातले काही हप्ते मी पाठवते आहे. हा लेखही त्याच खात्यात जाणार, हेही सांगून टाकते. तळ्याकाठच्या स्वर्गापेक्षा हे पैसे कमावताना बरं वाटलं.

पुण्याला निघायच्या दिवशी मामा पुन्हा शेतात घेऊन गेले. त्यांनी भोई बाबांना आणलं होतं. बाबा नावेखाली वाकून शिरले, बाजूची एक फळी चाचपत गेले आणि एका जागी थांबले. 'हीच,' म्हणाले. मग तळाकडे हात नेऊन, 'हितं पानी यायलंय. राळ लावा, न्हायतर कडबा भिजंल.'

जुनी नाव दिसली तर...

* पाटी किंवा नंबर आधी शोधा, पण त्यावर थांबू नका. पाटी बदलता येते.
* रंग आणि ठिगळं सर्वांत शेवटची असतात. त्यावरून दुरुस्तीचं वय कळतं, नावेचं नाही.
* डबे, नाणी, छापील अक्षरं यांवरून 'याच्या आधीचं नाही' एवढंच ठरतं. पिन कोड दिसला तर १९७२ नंतरचं.
* खिळे गोल की चौकोनी, लाकडावर कमानी, तिरप्या रेघा की वाकसाचे खळगे, हे फळीगणिक बघा. एकाच नावेत तिन्ही सापडू शकतात.
* मापं घ्या, फोटो काढा, प्रत्येक फळीला नंबर द्या आणि लिहून ठेवा.
* आणि हे सगळं करण्याआधी गावात विचारा : ही दुरुस्त कोण करायचं?